वाडा गेला, रान राहिलं

लंडनच्या सेंट्रल लाइनने पूर्वेकडे निघालं, की लेटनस्टोन सोडल्यावर एका फाट्याची गाडी पुन्हा जमिनीखाली शिरते आणि पहिलंच स्टेशन येतं ते वॉन्स्टेडचं. पूर्वी एसेक्स परगण्यात असलेलं हे गाव आता लंडनच्या रेडब्रिज बरोमध्ये मोडतं. बाहेर पडल्यावर पाहुण्याने थबकावं असं काही दिसत नाही. विटांची जोडघरं, पुढे हातभर बाग, एक हाय स्ट्रीट, त्यावर बेकरी, खाटकाचं दुकान, जुने कपडे आणि पुस्तकं विकणारी धर्मादाय दुकानं, कॉफीची टेबलं. पण रस्त्यांच्या पाट्या वाचत गेलं की दुसरंच गाव उलगडू लागतं. काउली रोड, ड्रेकॉट रोड, डँगन रोड, पलीकडे फॉरेस्ट गेटमध्ये टिल्नी रोड. ही सगळी एकाच जहागिरीच्या मालकांची आडनावं, पदव्या आणि त्यांच्या इतर ठिकाणच्या मिळकती. पुण्याच्या रास्ता पेठेत किंवा घोरपडे पेठेत राहणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. सरदार गेले, वाडे पडले, नावं पत्त्यात उरली. इंग्लंडमधल्या अशा उपनगरांचा इतिहास बहुधा याच नावांच्या क्रमाने सांगितला जातो. अमुक लॉर्डाने जमीन घेतली, त्याच्या मुलाने वाडा बांधला, पुढच्या कोणी उधळला, मग तिथे घरं उठली. गाव घडवणारे जणू तेवढेच. वॉन्स्टेड उत्तरेकडून दक्षिणेकडे पायी पाहताना मला ही मांडणी पटत नाही. इथले जमीनदार मुळं धरून बसलेले नव्हते. जहागीर वरचेवर हात बदलत होती. आणि गावाला आज जे रूप आहे ते त्यांच्या मालकीने दिलेलं नाही. त्या मालकीला शेकडो वर्षं एक अडसर होता, त्याने ते दिलं आहे. तो अडसर म्हणजे आसपासच्या लोकांचा त्याच जमिनीवरचा गुरं चारण्याचा हक्क.

स्टेशनाजवळच जॉर्ज नावाचा जुना पब आहे, घोडागाड्यांच्या काळापासूनचा. त्याच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली आहे. १७५२ सालच्या जुलैत चेरीच्या एका पायपायी अर्धी गिनी मोजावी लागली, याची ती आठवण. अर्धी गिनी म्हणजे साडेदहा शिलिंग, त्या काळच्या शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीहून जास्त. इंग्लंडात आजही घरच्यासारखं जेवण पाहायचं तर ते पबातच, रविवारी दुपारी. भाजलेल्या मांसाचे काप, भट्टीतले बटाटे, फुललेलं यॉर्कशायर पुडिंग, सगळ्यावर दाट ग्रेव्ही, आणि आपल्याला फार शिजलेल्या वाटतील अशा भाज्या. तिखटाची जागा मोहरीची किंवा हॉर्सरॅडिशची, तीही ताटाच्या कडेला. जेवणाऱ्यांची रीत मात्र जेवणापेक्षा बोलकी आहे. बारपाशी उभं असताना अनोळखी माणसाशी दोन शब्द चालतात. टेबलावर बसलं की ते टेबल त्या कुटुंबाचं, तिथे कोणी डोकावत नाही. आपल्याकडच्या खानावळीत चौघे अनोळखी एकाच टेबलावर जेवतात आणि आमटी एकमेकांकडे सरकवतात, तसं इथे घडणार नाही. हाच माणूस पबातून निघून समोरच्या हिरवळीवर आला की बदलतो. कुत्र्याच्या निमित्ताने, पावसाच्या निमित्ताने, कुठलंही निमित्त नसतानाही बोलतो. कुंपणाच्या आत अबोल आणि मोकळ्या जमिनीवर मोकळा, हा इंग्रज स्वभाव वॉन्स्टेडमध्ये फार स्पष्ट दिसतो. मोकळी जमीन राखण्याची त्यांची जिद्द त्याशिवाय नीट कळत नाही.

ही हिरवळ म्हणजे जॉर्ज ग्रीन. तिच्या पोटातून बोगद्याने महामार्ग जातो. १९९३ साली तो रस्ता बांधायला घेतला तेव्हा हिरवळीवरचं अडीचशे वर्षांचं म्हटलं जाणारं चेस्टनटचं झाड आड आलं. लोकांनी झाडावर मचाण बांधलं, तिथे माणसं राहू लागली. झाडाच्या पत्त्यावर पत्रं आली, आणि झाड हे वस्तीचं ठिकाण आहे, ते रिकामं करायला न्यायालयाचा हुकूम लागेल, इथपर्यंत कायद्याला यावं लागलं. हे करणारे सगळे बाहेरून आलेले तरुण आंदोलक नव्हते. गावातले निवृत्त लोक आणि शाळकरी मुलं त्यात होती, मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई होती. नोव्हेंबरात त्यांनीच ठेकेदाराचं कुंपण ढकलून पाडलं. ७ डिसेंबरला पोलिसांच्या बंदोबस्तात झाड तोडलं गेलं. रस्ता झाला, हिरवळ बोगद्याच्या छतावर पुन्हा अंथरली गेली. लोक इथे हरले, हे मी लपवत नाही. पण ज्या उपनगरात शांतपणे रांगेत उभं राहण्यालाच संस्कार मानतात, तिथली मध्यमवर्गीय माणसं एका हिरवळीपायी कुंपण मोडायला का धजावली, याचं उत्तर त्या वर्षात नाही. ते एकशेबावीस वर्षं मागे, गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथवर जायचं तर जहागीरदारांच्या दारावरूनच जावं लागतं.

हाय स्ट्रीट सोडून दक्षिणेला वळलं की सेंट मेरी चर्च लागतं. टॉमस हार्डविक या वास्तुविशारदाचं हे काम १७९० साली पुरं झालं. पांढऱ्या पोर्टलँड दगडाची इमारत, आत बाकांऐवजी दारं असलेले लाकडी कप्पे, म्हणजे प्रार्थनेतही प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली. वेदीशेजारी एक भलं मोठं संगमरवरी स्मारक आहे. रोमन सेनानीच्या वेशातला एक पुरुष उभा, पायाशी त्याचा दिवंगत मुलगा पहुडलेला, बाजूला शोक करणाऱ्या स्त्रिया. हा सर जोसाया चाइल्ड, मृत्यू १६९९. हा रोमन नव्हता, सेनानी नव्हता, जन्माने उमरावही नव्हता. पोर्ट्समथला आरमाराला दाणागोटा पुरवून त्याने पहिला पैसा केला, आणि मग ईस्ट इंडिया कंपनीचे भाग घेत घेत तो तिचा गव्हर्नर झाला. वॉन्स्टेडची जहागीर त्याने १६७३ साली विकत घेतली. दहा वर्षांनी रोजनिशीकार जॉन एव्हलिन इथे येऊन गेला. अक्रोडाची झाडं आणि मैलोन्मैल पसरलेली तळी यांवर या अचानक श्रीमंत झालेल्या माणसाने केलेला खर्च पाहून त्याने नापसंती नोंदवली. जमीनदार वर्गाने आपल्यात आलेल्या नव्या माणसाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्या नोंदीत उतरली आहे.

मराठी वाचकाला हा माणूस वाटतो तितका दूरचा नाही. चाइल्ड भारतात कधी आला नाही, पण त्याच्या धोरणाने मुंबई पेटली. व्यापार शस्त्राच्या जोरावर करायचा, मोगलांशी लढून सवलती मिळवायच्या, हा आग्रह लंडनहून त्याने धरला. मुंबईत तो राबवणारा गव्हर्नर जॉन चाइल्ड, नावाचा सारखा पण नात्याचा नव्हे. १६८६ पासून चाललेल्या या झगड्याचा शेवट असा झाला, की १६८९ च्या सुरुवातीला जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान औरंगजेबाच्या वतीने शिवडीला उतरला. त्याने माझगाव घेतलं आणि इंग्रजांना किल्ल्यात वर्षभराहून अधिक कोंडून धरलं. तेच वर्ष छत्रपती संभाजी महाराजांच्या वधाचं. औरंगजेबाचा हात दख्खनेवर सगळ्यात जड पडला होता, त्या वेळी कंपनीने त्याच्याशी वैर घेतलं होतं. शेवटी दीड लाख रुपये दंड भरून आणि माफी मागून कंपनी सुटली. जॉन चाइल्ड वेढा चालू असतानाच मेला. मुंबईतल्या कोळी-भंडाऱ्यांच्या वाड्या उजाडल्या, गोदामं लुटली गेली, आणि वॉन्स्टेडमध्ये अक्रोडाची झाडं वाढत राहिली. चर्चमधला तो रोमन वेश पाहताना मला हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. जोसायाचा सगळा पैसा हिंदुस्थानातून आला असं म्हणणं चूक होईल, पण त्याचा मान आणि मोठेपणा कंपनीचा होता. इंग्लंडच्या जमीनदारीचा पाया गावच्या मातीत असतो असं सांगतात. वॉन्स्टेडच्या जमीनदारीचा एक कोपरा तरी सुरत आणि मुंबईच्या वखारींत होता.

आता त्याच्या आधीचे मालक पाहा. ट्यूडर राजांचं शिकारीला उतरण्याचं घर, मग एलिझाबेथ राणीचा लाडका लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली. १५७८ साली याच वाड्यात त्याने राणीला न कळवता लेटिस नॉलिसशी लग्न केलं. पुढे सर हेन्री मिल्डमे. पहिल्या चार्ल्सच्या खटल्यात न्यायाधीशांत बसला म्हणून १६६० नंतर त्याची जमीन सरकारजमा झाली. दरबारी मर्जी, राजद्रोह, व्यापारी पैसा अशी ही मालिका आहे. तीत आजोबा-नातवांची अखंड साखळी कुठे सापडत नाही. चाइल्ड घराण्याने ती साखळी जोडण्याचा प्रयत्न मोठ्या थाटात केला. जोसायाचा मुलगा रिचर्ड याने १७१५ च्या सुमारास कॉलेन कँबेलकडून नवा वाडा उभारायला घेतला. समोरची लांबी २६० फूट, मध्यभागी सहा कोरिंथियन खांबांचा दर्शनी मंडप. इंग्लंडमधल्या पॅलेडियन शैलीच्या पहिल्या मोठ्या घरांपैकी हे एक. पुढची कित्येक सरदारघरं याच्यावरून बेतली गेली. रिचर्डला १७३१ मध्ये अर्ल टिल्नी ही पदवी मिळाली, त्याच्या मेजवानीचं चित्र विल्यम होगार्थने काढलं. ते चित्र आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. म्हणजे दाण्यागोट्याचा व्यापार ते अर्लपद हा प्रवास दोन पिढ्यांत झाला. उतरणही तितकीच वेगाने आली. दुसरा अर्ल निपुत्रिक, आयुष्याचा मोठा भाग इटलीत. १७८४ मध्ये तिकडेच वारला. भाच्याकडून फिरत फिरत मिळकत १८०५ साली कॅथरिन टिल्नी-लाँग या मुलीकडे आली, आणि ती देशातल्या सर्वांत श्रीमंत वारसदार मुलींपैकी एक झाली. पुढे चौथा विल्यम म्हणून राजा झालेल्या ड्यूक ऑफ क्लॅरेन्सनेही तिला मागणी घातली होती. तिने १८१२ मध्ये लग्न केलं ते विल्यम वेलस्ली-पोलशी.

वेलस्ली हे आडनाव महाराष्ट्राला सांगायला नको. विल्यमचा एक चुलता रिचर्ड, गव्हर्नर जनरल. दुसऱ्या बाजीरावाला १८०२ च्या वसईच्या तहाने ज्याने बांधून घेतलं तो. दुसरा चुलता आर्थर. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला, पुढे वेलिंग्टनचा ड्यूक. अशा घरातल्या या पुतण्याने दहा वर्षांत बायकोची संपत्ती संपवली आणि १८२२ मध्ये सावकार चुकवून देश सोडला. त्या उन्हाळ्यात वाड्यातल्या वस्तूंचा लिलाव ३२ दिवस चालला. जमीन वारसाहक्काच्या करारात बांधलेली, विकता येईना. तेव्हा इमारतच दगडविटांच्या भावात दहा हजार पौंडांना दिली गेली, आणि १८२५ पर्यंत ती जमिनीसपाट झाली. कॅथरिन त्याच वर्षी वारली. मुलांचा ताबा नवऱ्याला द्यायला न्यायालयाने नकार दिला. बापाचा हक्क अबाधित मानणाऱ्या त्या काळात हा निर्णय फार मोठा होता. पुढे त्याला मॉर्निंग्टनचा अर्ल ही पदवी मिळाली, पण १८५७ मध्ये तो मेला तो लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत. चर्चशेजारी आता गोल्फ क्लब आहे. वाड्याची जागा त्याच्या हिरवळीत एक खोलगट खूण म्हणून उरली आहे, तबेल्याची इमारत क्लबच्या कामाला येते, आणि ब्लेक हॉल रोडच्या बाजूला फाटकाचे दोन दगडी खांब उभे आहेत. एवढ्या मोठ्या वाड्याचं आयुष्य जेमतेम शंभर वर्षांचं. वॉन्स्टेडच्या जमीनदारांनी गाव घडवलं म्हणणाऱ्याने आधी या शंभर वर्षांचा विचार करावा.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. गोल्फच्या मैदानामागे वॉन्स्टेड पार्क सुरू होतो, आणि त्यात पाऊल टाकताच जमीनदारांचा हात जागोजागी दिसतो. पर्च पाँड, हेरनरी पाँड, रोडिंग नदीला लगटून वळणारं शोभेचं पाणी, ही सगळी तळी माणसाने खोदलेली. रांगेत लावलेल्या चेस्टनटांपैकी काही म्हातारी खोडं अजून उभी आहेत. १७६० च्या सुमाराचं छोटं देवळासारखं टेंपल आहे. पाण्याकाठी त्याच काळातल्या शिंपल्या-दगडांच्या ग्रोटोचा १८८४ मध्ये जळालेला सांगाडा आहे. मे महिन्याच्या आधी शॅले वुडमध्ये जमिनीवर निळ्या ब्लूबेलचा गालिचा पसरतो, आणि लोक त्यातून ओंडक्यांनी आखलेल्या वाटा सोडत नाहीत. पाटी वाचून थांबतात, मुलांना थांबवतात. हे सौंदर्य जमीनदारांच्या पैशाशिवाय झालं असतं का? नसतं, हे मान्य केलं पाहिजे. विज्ञानाचीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगता येते. इथला रेक्टर जेम्स पाउंड हा मद्रासला कंपनीचा धर्मोपदेशक राहून आलेला खगोलशास्त्रज्ञ. लंडनच्या स्ट्रँडवरचा उंच मेपोल (वसंतोत्सवाचा खांब) उतरवला गेला तेव्हा न्यूटनने तो मिळवून दिला, आणि रिचर्ड चाइल्डच्या परवानगीने तो याच पार्कात रोवून त्यावर पाउंडची १२३ फूट लांब नाभीय अंतराची दुर्बीण टेकवली गेली. पण पुढचं पाऊल पाहा. पाउंडचा भाचा जेम्स ब्रॅडली याने १७२७ मध्ये गावातल्या आपल्या विधवा मामीच्या साध्या घरात दुर्बीण उभी केली. वर्षभर ताऱ्यांची किंचितशी हालचाल मोजून प्रकाशाचं अपेरण (ॲबरेशन) त्याने शोधलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा. वॉन्स्टेडने जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट वाड्यात घडली नाही, ती मामीच्या छपराखाली घडली.

आणि पार्क कोणी केला यापेक्षा तो कसा टिकला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लंडनभोवती अशा शेकडो बागा होत्या. वारसदार कर्जात बुडाला किंवा जमिनीचा भाव चढला की त्या तुकड्यांनी विकल्या गेल्या आणि त्यांवर घरं झाली. इथेही तेच सुरू झालं होतं. मॉर्निंग्टनच्या शाखेत पुरुष वारस उरला नाही, तेव्हा मिळकत वेलस्ली घराण्यातल्याच पहिल्या अर्ल काउलीकडे गेली. हा पॅरिसमधला ब्रिटिश राजदूत. गावाशी त्याचा संबंध वसुलीपुरताच. पार्काच्या दक्षिणेला ऑल्डर्सब्रुकची एडवर्डकालीन घरं लागतात. रंगीत काचांची दारं, फरशांच्या पायवाटा, एकसारख्या ओळी. विसाव्या शतकाच्या तोंडाशी ही वस्ती याच मिळकतीच्या जमिनीवर उठली. ऑल्डर्सब्रुक चालत ओलांडलं की घरं एकदम संपतात आणि समोर वॉन्स्टेड फ्लॅट्सचं प्रचंड मोकळं माळरान पसरतं. गवत, काटेरी गोर्सची पिवळी झुडपं, फुटबॉलच्या मैदानांच्या ओळी, आकाश. घरांची ती ओळ इथेच का थांबली, याचं उत्तर कुठल्याही अर्लच्या उदारपणात नाही.

हे माळ म्हणजे एपिंग फॉरेस्टचं दक्षिण टोक. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जमिनीचा मालक एक आणि तिच्यावर चराईचा हक्क असलेले अनेक, असं असू शकतं. आपल्याकडे विदर्भात निस्तार हक्क म्हणतात त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे: जमीन कोणाच्याही नावावर असो, गुरं, सरपण, गवत यांसाठी गाव तिथे जाणार. एपिंग फॉरेस्टमध्ये तर हक्कदाराची गुरं आपल्या मॅनरपुरती, म्हणजे एका जहागिरीच्या हद्दीपुरती, बांधलेली नव्हती, ती सबंध रानात फिरू शकत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडन पसरू लागलं तसे मॅनरचे मालक रान कुंपणात घेऊ लागले. शेजारच्या हेनॉल्टचा राखीव रानाचा दर्जा १८५१ च्या कायद्याने काढून घेतला गेला, आणि त्यातला मोठा भाग तोडून शेतं करण्यात आली. त्यामुळे एपिंगचं काय होणार हे कोणालाही दिसत होतं. काउलीच्या बाजूने फ्लॅट्सवर कुंपणं पडली, तेव्हा ८ जुलै १८७१ रोजी हजारो लोक या माळावर जमले. स्ट्रॅटफर्डचे आणि फॉरेस्ट गेटचे कारागीर, कारकून, मजूर, बायकामुलं. सभा झाली, ठराव झाले. सभा पांगली तशी अंधार पडता पडता गर्दी कुंपणांवर गेली आणि ती मोडून टाकली. त्याच उन्हाळ्यात सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन, म्हणजे लंडनच्या मूळ शहराचं नगरमंडळ, न्यायालयात उतरलं. त्याचा हक्क कुठला? दफनभूमीसाठी त्याने ऑल्डर्सब्रुकचं शेत घेतलं होतं, पूर्वी वॉन्स्टेडच्याच मिळकतीत असलेलं, आणि त्या शेताच्या मालकाला रानात गुरं चारण्याचा अधिकार होता. त्या एका चराईच्या हक्कावर एकोणीस मॅनरच्या मालकांविरुद्ध दावा उभा राहिला. १८७४ मध्ये न्यायाधीश सर जॉर्ज जेसल यांनी निकाल दिला, की मागच्या वीस वर्षांतली कुंपणं बेकायदा. १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने रान लोकांच्या विरंगुळ्यासाठी कायमचं मोकळं ठेवायचं ठरलं. वॉन्स्टेड पार्कही कॉर्पोरेशनने १८८० मध्ये काउलीकडून घेतला आणि १ ऑगस्ट १८८२ रोजी खुला केला. म्हणजे जमीनदारांची सुंदर बाग वाचली तीही शेजारच्या रानासाठी झालेल्या लढ्याच्या ओघात.

विरुद्ध बाजूने दोन गोष्टी विचारल्या जातात. पहिली अशी, की सिटी ऑफ लंडन हे काही गरिबांचं मंडळ नव्हे. व्यापारी धनिकांची ती सर्वांत जुनी संस्था, जोसाया चाइल्डच्याच जगातली. तेव्हा एका श्रीमंताकडून दुसऱ्या श्रीमंताकडे जमीन गेली, एवढंच झालं ना? यात तथ्य आहे. कॉर्पोरेशनचा कारभार लोकांनी निवडलेल्या सरकारसारखा कधीच नव्हता. पण जमीन कोणाच्या नावे गेली यापेक्षा ती कोणत्या अटीवर गेली हे इथे मोजायचं. नव्या मालकाला ती बांधता येत नाही, कुंपणात घेता येत नाही. शिवाय रान सोडवायला जो पैसा लागला त्याचा मोठा भाग लंडन बंदरात उतरणाऱ्या धान्यावरच्या पट्टीतून आला, म्हणजे शेवटी भाकरी विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडून. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. चराईचा हक्क सगळ्यांचा नव्हता. तो ठरावीक जमिनींच्या धारकांचा होता. १८७१ च्या सभेला आलेल्या बहुतेकांकडे गाय नव्हती आणि गाय चारण्याचा कागदही नव्हता. मग हा लढा त्यांचा कसा? माझं उत्तर असं, की जुना हक्क त्यांनी पाचरीसारखा वापरला. न्यायालयात तो हक्कदारांचा राहिला, पण रस्त्यावरच्या माणसांनी त्यात आपलं फिरणं, खेळणं, श्वास घेणं घातलं. आणि १८७८ च्या कायद्याने तो विस्तार मान्य केला, हक्कदारांची गुरं आणि सर्वांचं फिरणं एकाच कायद्यात शेजारी आणून बसवलं. अशा तऱ्हेने सरंजामी काळातला एक खेड्यातला हक्क औद्योगिक शहराच्या मजुराच्या हाती आला. कुठल्या जमीनदाराच्या दानपत्राने हे साधलं नसतं, कारण दान दात्याच्या मर्जीवर असतं, हक्क तसा नसतो.

फ्लॅट्सवर रविवारी सकाळी हे दिसतं. फुटबॉलच्या सामन्यांत पंचाशी होणारी हुज्जत, कडेला थर्मासमधला चहा, शिट्टी वाजल्यावर हरलेल्यांशी हात मिळवण्याची न चुकणारी रीत. दक्षिणेकडची वस्ती फॉरेस्ट गेट आणि मॅनर पार्कची आहे. तिथे गुजराती, पंजाबी, तमिळ, बांगलादेशी दुकानं आहेत, मिठाईवाले, साड्या, आणि मॅनर पार्कला मुरुगनचं मोठं देऊळ. ज्या कंपनीच्या पैशाने उत्तरेचा वाडा सजला, तिने व्यापलेल्या देशांतल्या माणसांची नातवंडं आज त्याच जहागिरीच्या माळावर क्रिकेट खेळतात, आणि त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. १९९६ पर्यंत इथे गुरंही मोकळी चरत. ती हिंडत हिंडत वॉन्स्टेडच्या बागांत शिरत आणि रस्ते अडवत, आणि लोक हे सहन करत, कारण गुरांचा तो हक्कच साऱ्या मोकळीकीचं मूळ होता. वेड्या गाईच्या रोगाने ती थांबली. अलीकडे वसंतात माळाचा एक भाग दोऱ्या बांधून बंद ठेवतात, गवतात घरटी करणाऱ्या चंडोलांसाठी. पार्काची परिस्थिती तितकी चांगली नाही. तळ्यांना पाणी टिकत नाही आणि सरकारी वारसा-यादीत तो धोक्यातला म्हणून नोंदलेला आहे. राखण्याचं काम संपलेलं नाही.

त्याची परीक्षाही पुन्हा पुन्हा होते. दुसऱ्या महायुद्धात बाँबने बेघर झालेल्यांसाठी १९४६ मध्ये वेस्ट हॅम कौन्सिलने फ्लॅट्सवर घरं बांधायचं ठरवलं. गरज खरी होती, हेतू चांगला होता, तरी लोकांनी सह्या गोळा केल्या, चौकशी झाली, आणि १९४७ मध्ये सरकारने योजना नाकारली. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी पोलिसांना इथे काही आठवड्यांचा तळ हवा होता, तर त्यासाठी १८७८ च्या कायद्यात संसदेकडून तात्पुरता बदल करून घ्यावा लागला. आपल्याकडे गायरानावर शाळा येते, मग कार्यालय, मग कोणाचं तरी मंगल कार्यालय, आणि ग्रामसभेला ते शेवटी कळतं. गावाच्या सामाईक जमिनी परत मोकळ्या करा असं २०११ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला, म्हणजे हे इथे होत नाही असंही नाही. लंडनला जाणाऱ्या मराठी वाचकाने विंडसर आणि ग्रीनिच जरूर पाहावं, पण एक दुपार वॉन्स्टेड फ्लॅट्सला द्यावी. आणि परतल्यावर आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढून, त्यावर आज कोणाची नावं चढली आहेत ते वाचावं.